राउटर माळ्यावर का टाकता? वायफायच्या या चुका टाळा

घरात रेंज येत नाही म्हटलं की लोक आधी नवा राउटर मागवतात. थांबा जरा. जुना कुठे बसवलाय ते बघा.

मुंबईत फायबरवाला दारातून वायर आत घेतो आणि ती संपते तिथेच फायबरचा डबा (मोडेम) ठोकून निघून जातो. मग वायरी दिसायला नकोत म्हणून घरचे राउटर चढवतात माळ्यावर. भांडुपला माझ्या मेव्हण्याने हेच केलं. वन बीएचके घर, तरी बेडरूममध्ये व्हिडिओ गोल गोल फिरत बसायचा. पठ्ठ्याने सहा दांड्यांचा राउटर आणला. "भावोजी, सहा-सहा अँटेना आहेत, तरी बोंब!" मी स्टुलावर चढलो. पितळी हंडे नि स्टीलच्या पातेल्यांमागे राउटर दडलेला, आणि बेडरूमच्या भिंतीला आरशाचं लोखंडी कपाट टेकवलेलं. धातूवर आपटून सिग्नल मागे फिरतो, आणि आरशालाही पाठीमागून धातूचाच मुलामा असतो. सहा काय, सोळा दांड्या लावा! फायबरची वायर नाजूक, ती वाकवायची नाही. म्हणून तो डबा तिथेच ठेवला. लॅमिंग्टन रोडवरून १० मीटर लॅन केबल आणली आणि राउटर पॅसेजमध्ये छातीच्या उंचीवर टांगला. तोही जुनाच, बरं का. नवा परत पाठवला.

दुसरं खूळ रिपीटरचं, म्हणजे वायफाय ऐकून पुढे पाठवणाऱ्या छोट्या डबीचं. जिथे रेंज मेली आहे तिथल्याच प्लगमध्ये तो खोचतात. त्यालाच काही ऐकू येत नाही, तो पुढे काय सांगणार? अर्ध्या वाटेवर लावा. तरीही एकाच बँडवर, म्हणजे लहरींच्या एकाच पट्ट्यावर, ऐकणारा-बोलणारा स्वस्त रिपीटर वेग जवळपास निम्म्यावर आणतो. मी सरळ केबल ओढतो. भिंतीला एक भोक पाडायचा कंटाळा असेल, तर पुन्हा माझ्याकडे रडत येऊ नका.

प्लॅन २०० एमबीपीएसचा आणि राउटरचे पोर्ट (केबल खोचायची भोकं) १००चे, हेही सर्रास दिसतं. खोक्यावर 'गिगाबिट' पोर्ट लिहिलंय का, ते वाचून मगच पैसे द्या.

दांडी खोलीच्या दिशेने रोखू नका. उभ्या दांडीचा सिग्नल आडवा पसरतो.

५ गिगाहर्ट्झचा बँड वेगवान, पण भिंतींपुढे ढेपाळतो. लांबच्या खोलीत २.४ घ्या. फक्त आपल्या बिल्डिंगांत त्यावर लोकलसारखी गर्दी असते, तेव्हा चॅनल (बँडमधली लेन) १, ६ किंवा ११ यांपैकीच निवडा. मधला ३ किंवा ८ घेतलात, तर दोन्हीकडच्या शेजाऱ्यांचे धक्के खाल.