"पोरगा व्हता का पोरगी?" : हाडांच्या अभ्यासात येऊ पाहणाऱ्यांसाठी

उत्खननावरचा माझा पहिला हंगाम. गोदावरीच्या खोऱ्यातलं जुन्या वस्तीचं, पांढरीचं एक टेकाड, जानेवारीची थंडी, आणि घराच्या चोपलेल्या जमिनीखाली दोन मडकी, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली. आत बाळ होतं. म्हणजे तीन हजार वर्षांनी बाळाचं जेवढं उरतं तेवढं. माझ्यासोबत माती चाळणाऱ्या मावशी वाकून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "पोरगा व्हता का पोरगी?"

"नाही सांगता येत, मावशी."

"एवढं शिकून बी?"

तेव्हा मी कानकोंडी झाले. आज कोणी विचारलं तर तेच उत्तर देईन, फक्त मान खाली न घालता. बाई आणि पुरुष यांच्या हाडांतला फरक मुख्यतः कंबरेच्या हाडांत दिसतो आणि तो वयात येताना घडतो. त्याआधीच्या सांगाड्यावर नुसत्या नजरेनं "मुलगा" किंवा "मुलगी" असं लिहिणारा माणूस अंदाज मारत असतो. या विषयात येणाऱ्या मुलामुलींना मी पहिल्याच दिवशी हा किस्सा सांगते, कारण बहुतेक जण टीव्हीवरच्या मालिका बघून आलेले असतात. तिथं कवटी हातात घेतली की मेलेल्याचं नाव, गाव आणि खुन्याचा पत्ता एका दमात निघतो.

आधी प्रवेशाचं बोलू. त्याचीच विचारणा जास्त होते. महाराष्ट्रात या अभ्यासाचं घर म्हणजे पुण्याचं डेक्कन कॉलेज. पुरातत्त्वाच्या एम.ए.ला कोणत्याही शाखेचे पदवीधर येतात. माझ्या वर्गात इतिहासवाले होते, प्राणिशास्त्रवाले होते आणि बीडीएस झालेली एक मुलगी होती. आम्ही सगळे तिचा हेवा करायचो. जमिनीत सगळ्यात जास्त टिकतो तो दात, आणि ती दाताचा चतकोर तुकडा बघून "वरची डावी पहिली दाढ" म्हणून मोकळी व्हायची. दुसरी वाट मानवशास्त्राची, ती पुणे विद्यापीठातूनही जाते. माझं मत विचाराल तर हाडांवरच काम करायचं हे ठरलेलं असेल तरीही आधी खोदकाम शिका. हाड कोणत्या थरात, कोणत्या खड्ड्यात, कशाच्या शेजारी होतं हे ज्याला वाचता येत नाही, त्याच्या हातात हाड म्हणजे नुसतं कॅल्शियम.

पहिलं वर्ष हाडांची ओळख करण्यात जातं. मोठ्या माणसाची हाडं 206. पाठ करायला आठवडा पुरतो. अडचण अशी की जमिनीतून हाडं अख्खी येत नाहीत, येतात ते तुकडे, आणि प्रत्येक तुकडा डावा की उजवा हे ठरवावं लागतं. आमच्या सरांची एक कापडी पिशवी होती. तिच्यात हात घालायचा आणि न बघता सांगायचं. नडगीचं हाड कापलं तर तिकोनी दिसतं, त्याची पुढची धार बोटाला लागते, म्हणून ती लवकर जमते. मांडीच्या हाडाला मागून एक खरबरीत कणा असतो. गुडघ्याच्या वाटीची गंमत वेगळी. तिची सांध्याची बाजू टेबलावर टेकवायची, टोक आपल्यापासून लांब ठेवायचं आणि हात काढायचा. ती ज्या अंगावर कलते त्या पायाची. हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी अर्धा तास एकच वाटी पुनःपुन्हा टेबलावर ठेवत बसले होते. बरगड्यांचा क्रम लावायला मात्र मला दोन वर्षं लागली, आणि एकदा माणसाच्या ट्रेमध्ये शेळीची बरगडी ऐटीत लावून सरांना दाखवायला नेली होती. वैद्यकीय महाविद्यालयात मित्र असेल तर परीक्षा संपल्यावर त्याचा बोन सेट काही दिवस बघायला मागा. चित्रावरून हा विषय येत नाही.

बाळांची हाडं हा आणखी निराळा मामला. हाडांची टोकं अजून मधल्या दांड्याला जुळलेली नसतात, त्यामुळे तुकड्यांची संख्या 206 च्या बरीच वर जाते. नुकत्याच जन्मलेल्या बाळाचं मांडीचं हाड आपल्या मधल्या बोटाएवढं असतं. कवटी पापडासारखी, हात लावला की मोडणारी. वय काढायला दातच बघायचे. हिरडीत दडलेला दात किती बनला होता यावरून महिन्यांच्या हिशेबात वय सांगता येतं. दुधाच्या दाताच्या इनॅमलमध्ये, म्हणजे वरच्या कठीण थरात, जन्माच्या वेळची एक रेषा उमटते. सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसली तर बाळ जन्मानंतर निदान काही दिवस तरी जगलं होतं. इतकं बारीक कळतं, आणि मावशींचा साधा प्रश्न तसाच राहतो.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर इनामगावशिवाय पुढं जाता येत नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी ताम्रपाषाण युगातली ही वसाहत, साधारण इ.स.पू. 1600 ते 700. डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 या काळात ती खोदली. दोनशेच्या वर माणसांचे अवशेष मिळाले, त्यांत लहान मुलं फार. मुलं मडक्यांत, घराच्या जमिनीखाली. मोठी माणसं उत्तरेला डोकं करून खड्ड्यात, आणि त्यांच्या पायांना घोट्याखाली पावलंच नाहीत. मेलेला माणूस घरातून निघून जाऊ नये, किंवा भूत होऊन फिरू नये, म्हणून पावलं तोडली असावीत असा अर्थ उत्खनन करणाऱ्यांनी लावला. एक माणूस मात्र चार पायांच्या मातीच्या रांजणात, पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात बसवलेला मिळाला, आणि त्याची पावलं शाबूत होती.

हे वाचलं की अंगावर काटा येतो, माझ्याही आला होता. आता हाडवाल्याच्या नजरेनं बघा. पावलं नाहीत, एवढंच हाड सांगतं. ती तोडली, की नंतरच्या कोणी धान्याच्या बळदासाठी खड्डा घेताना उडवली, की नांगरानं नेली? खड्ड्याची कड पावलांच्या जागी तुटलेली आहे का, घोट्याच्या सांध्यावर व्रण आहेत का, व्रणाचा रंग बाकी हाडासारखाच जुना आहे की आत पांढरा, ताजा? ताजा असेल तर तो तुमच्याच हत्याराचा. म्हणून हाडाभोवतीची माती काढायला बांबूची काडी आणि मऊ ब्रश वापरतात, लोखंड जवळ आणत नाहीत. हे सगळं तपासून झालं आणि दफनामागून दफनात तेच दिसलं, तर रिवाज म्हणायचं. भुताचं म्हणणं त्याच्याही पुढचं, तिथं हाड आपल्याबरोबर येत नाही.

इनामगावच्या सांगाड्यांवर जॉन लुकाक्स आणि एस. आर. वाळिंबे यांचं काम 1986 साली आलं. पुढं ग्वेन रॉबिन्स शुग यांनी तिथल्याच मुलांची वाढ तपासली. त्याची पद्धत साधी आणि सुंदर आहे. दातांवरून वय काढायचं, मग त्या वयाला हाडं किती लांब असायला हवीत ते बघायचं. उपासमार झाली तर हाडं मागं पडतात, दात सहसा वेळापत्रक सोडत नाहीत. दातांवर आडव्या खाचा असतील तर त्या वयात पोर आजारी होतं किंवा उपाशी होतं.

इथं प्रत्येक नवशिका घसरतो. खाचा जास्त, म्हणून समाज आजारी. खाचा नाहीत, म्हणून सगळं आलबेल. पण खाच पडायला दात पुढं वाढावा लागतो, म्हणजे पोरानं तो आजार काढलेला असतो. जे पोर दोन दिवसांच्या तापात गेलं त्याचे दात गुळगुळीत, हाडं स्वच्छ. 1992 साली जेम्स वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा पेच मांडला आणि साऱ्या क्षेत्राची झोप उडवली. त्यात आपल्यासमोर असतात ते मेलेले. गावात जगले वाचले, म्हातारे होऊन दुसरीकडे मेले, ते आपल्या ट्रेमध्ये येतच नाहीत. माझ्या पहिल्या प्रबंधातली दोन पानं या एका मुद्द्यावर रद्द झाली. बरंच झालं.

हाड जिथं भरभरून बोलतं अशी उदाहरणंही आहेत. राजस्थानात उदयपूरजवळच्या बालाथलला, शेणाच्या राखेनं भरलेल्या दगडी आवारात, साधारण इ.स.पू. 2000 चा एक मध्यमवयीन पुरुष मिळाला. त्याच्या चेहऱ्याच्या हाडांवर कुष्ठरोगाच्या खुणा होत्या. हा निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाला, त्या कामात डेक्कन कॉलेजच्या वीणा मुश्रीफ-त्रिपाठी होत्या. त्याआधी हाडांतला इतका जुना पुरावा जगात कुठं नव्हता. गोव्यात तर कागद आणि हाड एकमेकांच्या मदतीला आले. जॉर्जियाची राणी केतेवान 1624 मध्ये इराणात मारली गेली, तिचे अवशेष जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या चर्चमध्ये ठेवल्याचं पोर्तुगीज कागदांत होतं. तिथं मिळालेल्या हाडाचा डीएनए हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत तपासला गेला, आईकडून येणारा वंश जॉर्जियात सापडणारा निघाला. नुसत्या डीएनएनं राणीचं नाव सांगितलं नसतं.

डीएनएचं वेड घेऊन येणाऱ्यांना मी हरियाणातल्या राखीगढीचा, सिंधू संस्कृतीच्या त्या गावाचा, आकडा ऐकवते. 2019 चा तो गाजलेला निबंध आठवत असेल. 61 नमुने तपासले, त्यांतला उपयोगी पडला एक, एका बाईचा. आपलं ऊन आणि आपली माती डीएनए टिकू देत नाहीत. टिकलाच तर कानाच्या आतल्या दगडासारख्या कठीण हाडात. म्हणून सांगाडा उचलताना ते हाड हातमोजे घालून आधी बाजूला काढतात, आणि ठिसूळ हाडावर मजबुतीसाठी ॲसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड (एक कृत्रिम राळ) घालायची घाई करत नाहीत. आणि हो, "हे आर्य का हो?" असं तुम्हाला लग्नातही विचारलं जाईल, पंगतीत, श्रीखंड वाढताना. त्यासाठी इरावती कर्वे आठवा. विसाच्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला कवट्यांच्या डाव्या-उजव्या बाजूंतला फरक मोजत होत्या. मार्गदर्शक वंशश्रेष्ठतेवर विश्वास ठेवणारा, आणि बाईंची मापं त्या विश्वासाला दुजोरा देईनात. त्यांनी मापं तशीच ठेवली.

घरच्यांचं काय, हेही विचारतात. माझ्या आईनं दोन वर्षं मला साइटवरून आल्याबरोबर आधी अंघोळीला पाठवलं, बॅग बाहेरच. आजी म्हणायची, कुणाचं तरी लेकरू आहे ते, नीट ठेव. मला आजीचं पटलं. ट्रेवर वाकून सेल्फी काढणाऱ्याला मी कँपवरून परत पाठवलेलं आहे.

पोटापाण्याचं सरळ सांगते. जागा थोड्या आहेत. नेटची परीक्षा पुरातत्त्वातून किंवा मानवशास्त्रातून द्या, जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर पीएचडीची वर्षं निभावतात. पुढं अध्यापन, संग्रहालय, कोलकात्याचं भारतीय मानववैज्ञानिक सर्वेक्षण, डीएनएकडे वळलात तर सीसीएमबी किंवा लखनौची बिरबल साहनी संस्था. माझ्याबरोबरचे दोघं सदाशिव पेठेत यूपीएससीच्या मुलांना मानवशास्त्र शिकवतात आणि माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त कमावतात. घरी आधार नसेल तर हाताशी दुसरं कौशल्य ठेवा. रेखाचित्रं, फोटो, नकाशे, संख्याशास्त्र, काहीही. कँपवर ज्याला चांगलं रेखाटता येतं त्याला सगळे दरवर्षी बोलावतात.

आता माझी एक चूक. त्याच हंगामात, मावशींच्या त्या मडक्यांपासून हातभर अंतरावर दुसरी जोडी निघाली. संध्याकाळ झाली होती, जीप थांबली होती. दोन्ही दफनांमधली माती मी एकाच चाळणीतून, एकाच ताटात चाळली. लेबलं दोन होती, ताट एक. रात्री कंदिलाजवळ बसून वेगळं करायला घेतलं तेव्हा कानाची उजवी हाडं दोन भरली, म्हणजे बाळं दोन. दोन्ही जन्माच्या आसपासची, दोन्ही सारख्याच मापाची. बाकी काहीच वेगळं होईना. सर रागावले नाहीत. नोंदवही माझ्यापुढं सरकवून म्हणाले, "जे आहे ते लिही."

अलीकडे दाताच्या इनॅमलमधल्या प्रथिनांवरून बाळ मुलगा होतं की मुलगी हे कळू लागलं आहे. गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी त्यासाठी नमुने मागायला आली. नोंदवही काढली. माझ्याच अक्षरात होतं: "दफन 6 आणि 7, मिश्र, किमान 2 बाळं." दातांच्या कळ्या एका डबीत, बारा. पोरगा आणि पोरगी, दोन्ही असले तर तेही कळेल. कोणतं कोणत्या मडक्यातलं, ते नाही. तिनं तीन कळ्या नेल्या, आणि मी पेन्सिलीनं तारीख टाकली.