खोडव्यातलं पाचट: हवा द्या, मोरचूद नको

निपाणी, चिकोडी, कागवाड भागात ऊसतोड सुरू झाली की संध्याकाळी शिवारातून धूर उठायला लागतो. एकरी तीन-चार टन पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, कानडीत रवदी, एका काडीत जातं आणि त्यातलं बहुतेक नत्र हवेत उडतं. यंदा कृपा करून पेटवू नका.

पाचट लवकर कुजत नाही ही तक्रार खरी आहे. लिग्निन हे त्याचं मोठं कारण. पाल्याचे तंतू घट्ट धरून ठेवणारा हा पदार्थ सहजी कुणाला पचत नाही. तो फोडतात मुख्यतः लाकूड पांढरं पाडून कुजवणाऱ्या बुरशी, आणि त्यांच्या हत्यारांपैकी एक म्हणजे लॅकेझ हे विकर (एन्झाइम). त्याच्या रेणूत तांब्याचे 4 अणू असतात. हे अणू लिग्निनमधले इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला देतात, ऑक्सिजनचं पाणी होतं आणि लिग्निनची वीण उसवते.

म्हणजे हवा नसेल तर हे काम थांबतं. कृष्णा-दूधगंगेकाठच्या काळ्या रानात पाचट भिजावं म्हणून सरी तुडुंब भरू नका. मूठभर पाचट पिळल्यावर हात ओला व्हावा, पाणी गळू नये.

विकरात तांबं आहे म्हणून मोरचूद (कॉपर सल्फेट) तर मुळीच टाकू नका. बुरशीला लागणारं कणभर तांबं मातीतून मिळतं. जास्त झालं की तेच तिला मारतं. द्राक्षावर बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, आपण त्यासाठीच मारतो. अथणीकडच्या बागायतदारांनी बोर्डोचा पंप स्वच्छ धुतल्याशिवाय पाचट कुजवणाऱ्या जिवाणू-बुरशीच्या संवर्धकासाठी घेऊ नये.

तोड झाल्यावर पाचट सरीत ओढून दाबा, बुडखे धारदार कोयत्याने जमिनीलगत छाटा. बुरशीनाशक मारायचंच तर बुडख्यांपुरतं. टनभर पाचटाला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो संवर्धक टाकून हलकं पाणी द्या. युरिया नसेल तर कुजवणारे जीव पिकाच्या वाट्याचं नत्र घेतात, खोडवा, म्हणजे तोडीनंतर बुडख्यांतून फुटणारा ऊस, पिवळा पडतो. पण दुप्पट युरियाने दुप्पट कुजत नाही. नत्र फार झालं तर काही बुरशी लिग्निनला हात लावायचंच कमी करतात. गावात कुणी धिंगरी अळिंबी घेत असेल तर उरलेलं काड मागून आणा, त्यातही लिग्निन फोडणारी अशीच बुरशी असते.

पंधरा-वीस दिवसांनी पाचट उचलून खालून बघा. पांढरी जाळी दिसली तर घाबरून फवारणी करू नका, ती वाढू द्या. आंबूस वास आला तर पाण्याची पाळी लांबवा.