स्पंजचा एक्स्ट्रॅक्ट काढताना: मीठ, प्लॅस्टिक आणि बाकीच्या भानगडी

स्पंज म्हणजे समुद्रातला खडकाला चिकटून राहणारा प्राणी, आणि त्यातले रेणू सॉल्व्हंटमध्ये उतरवून काढलेला अर्क म्हणजे एक्स्ट्रॅक्ट. पहिल्यांदाच यावर काम करताय ना, मग एक आकडा ध्यानात ठेवा. जपानमध्ये हिराता आणि उएमुरा यांच्या टीमने ६०० किलो हॅलिकॉन्ड्रिया ओकादाई स्पंजमधून हॅलिकॉन्ड्रिन बी काढलं ते फक्त १२.५ मिलीग्रॅम, आणि त्याच रेणूवरून पुढे एरिब्युलिन हे कॅन्सरचं औषध बनलं जे २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. आपल्या वाटीभर स्पंजचं काय ते समजून जा.

परवानगी आधी काढा, वन्यजीव कायद्यात काही स्पंज येतात. फोटो पाण्यातच घ्या, बाहेर काढल्यावर रंग बदलतो. ग्लोव्हज घालाच, काहींच्या सुया काचेसारख्या टोचतात आणि मग खाजवत बसा. बूड खडकावर राहू द्या, वरचंच कापा. छोटा तुकडा ओळख पटवायला अल्कोहोलमध्ये, बाकी सगळं बर्फात आणि तिथून थेट फ्रीझरमध्ये.

लॅबमध्ये फ्रीझ ड्राय करून (गोठलेलाच व्हॅक्यूममध्ये वाळवून) कात्रीने बारीक करा, मग मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेन ही दोन सॉल्व्हंट निम्मं निम्मं, बुडेल एवढं ओतून रात्रभर ठेवा, गाळा, असं तीनदा. हे सगळं हुडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) आणि काचेच्याच बाटलीत हं. मी सुरुवातीला प्लॅस्टिकची वापरली, मास स्पेकमध्ये (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात) ३९१ चा असा झक्कास पीक आला की दोन दिवस मी हवेत, मग सीनियरने एकच विचारलं, बाटली कसली होती? थॅलेट निघालं, म्हणजे प्लॅस्टिक मऊ करायला घालतात ते रसायन, बाटलीतलंच.

मग रोटाव्हॅपवर, म्हणजे फ्लास्क फिरवत व्हॅक्यूममध्ये सॉल्व्हंट उडवणाऱ्या यंत्रावर, लावा; त्याचं पाणी ४० डिग्रीच्या वर नको आणि व्हॅक्यूम हळूहळू द्या, नाहीतर फेस येऊन माल वरच्या ट्रॅपमध्ये.

फ्लास्कमध्ये पांढरे खडे दिसले तर नाचू नका, समुद्राचं मीठ आहे ते. एक्स्ट्रॅक्ट पाणी आणि इथाइल ॲसिटेटमध्ये हलवा, मीठ खाली पाण्यात जातं. पण ते पाणी सिंकमध्ये ओतू नका बरं का! बर्गमन या रसायनशास्त्रज्ञाला फ्लोरिडाजवळच्या स्पंजमध्ये १९५० च्या सुमारास जे न्यूक्लिओसाइड (डीएनएच्या घटकांसारखे रेणू) सापडले, ज्यांच्यावरून सायटाराबिन हे कॅन्सरचं औषध सुचलं, तसले रेणू पाण्यातच राहतात. त्यात ब्युटेनॉल घालून परत हलवा.

एक्स्ट्रॅक्ट बॅक्टेरिया मारतं का हे बघायला त्यात भिजवलेल्या कागदी डिस्क बॅक्टेरियाच्या प्लेटवर ठेवतात, तेव्हा तुलनेला एक डिस्क नुसत्या सॉल्व्हंटची, नीट वाळवून, ठेवाच. व्हायल (छोटी काचेची बाटली) रिकामी असतानाच वजन करून घ्या, आणि लेबल पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई एका थेंबात जाते आणि मग दहा व्हायल सारख्याच दिसतात.