आयएमसीची संघफेरी: गणितं वाटायची कशी

इंटरनॅशनल मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन, म्हणजे आयएमसी, दर वेळी वेगळ्या देशात भरते. २०१७ साली ती लखनौला झाली, २०१८ मध्ये बल्गेरियात, २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत. संघात चार मुलं असतात. वैयक्तिक पेपरची तयारी सगळेच करून घेतात. संघफेरीच्या बाबतीत मात्र चार हुशार मुलं एकत्र बसवली की झालं, असा समज असतो. तिथेच गुण जातात.

माध्यमिक गटाची संघफेरी ७० मिनिटांची. गणितं १०, प्रत्येकी ४० गुण. पहिल्या १० मिनिटांत चौघांनी चर्चा करून पहिली आठ गणितं वाटून घ्यायची; प्रत्येकाच्या वाट्याला किमान एक आलंच पाहिजे. पुढची ३५ मिनिटं ज्याने त्याने आपापलं सोडवायचं. बोलणं बंद, अदलाबदलही बंद. उरलेल्या २५ मिनिटांत शेवटची दोन गणितं चौघांनी मिळून करायची. लहान गटाच्या वेळा वेगळ्या असतात, त्या पेपरवरच्या सूचनांत बघून घ्या. कॅल्क्युलेटर चालत नाही.

सगळा खेळ त्या पहिल्या दहा मिनिटांचा आहे. सर्वांत मोठी चूक म्हणजे त्यात गणित सोडवायला बसणं. एखाद्याला पहिलंच गणित आवडतं, तो आकडेमोड सुरू करतो, आणि नववं मिनिट येतं तेव्हा सहा, सात, आठ कुणी वाचलेलीही नसतात. मग ती उरलेल्यांच्या गळ्यात पडतात.

त्यापेक्षा वेळ असा कापा. पहिली चार मिनिटं चौघांनीही आठही गणितं नुसती वाचायची, एकेकाला अर्धा मिनिट. वाचताना प्रत्येकाने कच्च्या कागदावर गणिताच्या क्रमांकापुढे २, १ किंवा ० लिहायचं: २ म्हणजे वाट दिसते, १ म्हणजे प्रयत्न करता येईल, ० म्हणजे मला नको. पुढची तीन मिनिटं वाटपाला. ज्या गणिताला एकाचाच २ आहे ते आधी त्याला द्या. चौघांनाही जमणारं सोपं गणित सर्वांत शेवटी, ज्याच्याकडे ओझं कमी आहे त्याच्याकडे. संघातल्या तरबेज मुलावर चार गणितं लादायचा मोह होतो, पण ३५ मिनिटांत चार म्हणजे एकेकाला नऊ मिनिटंसुद्धा नाहीत, आणि लिहायलाही वेळ लागतो. तीनच्या वर नकोच.

शेवटची तीन मिनिटं बहुतेक संघ वाया घालवतात. खरं तर नियमाप्रमाणे अजून बोलता येतं. ज्याला दुसऱ्याच्या गणिताची सुरुवात सुचली असेल त्याने ती आत्ताच सांगून टाकावी: ‘पाचव्यात नऊने भागून बाकी बघ’, एवढंही पुरतं.

लिखाणाबद्दल. नुसतं उत्तर बरोबर आलं म्हणून ज्या गणितात रीत मागितली आहे तिथे पूर्ण गुण मिळत नाहीत. उदाहरण घ्या: १ ते १०० मधून किमान किती संख्या उचलल्या, म्हणजे त्यांतल्या कुठल्या तरी दोहोंची बेरीज १०१ येणारच? मुलं १ व १००, २ व ९९ अशा ५० जोड्या पाडतात, ५१ संख्या उचलल्या की एक जोडी पूर्ण येणार असं लिहितात आणि थांबतात. हे अर्धंच झालं. ५० पुरत नाहीत हेही दाखवायला हवं: १ ते ५० घ्या, सर्वांत मोठी बेरीज ४९ + ५० = ९९. ही एक ओळ राहते आणि तिच्याबरोबर गुणही. ‘सर्व उत्तरं शोधा’ म्हटलेल्या गणितातही हेच, आणखी उत्तर का नाही ते लिहावं लागतं.

शेवटच्या दोन गणितांना चौघांनी एकाच कागदावर डोकी घालू नयेत. दोन-दोनच्या जोड्या करा, बारा मिनिटांनी जोड्यांनी गणितं बदला, आणि शेवटची पाच मिनिटं प्रत्येक गणित एकाने लिहायचं, दुसऱ्याने शेजारी बसून तपासायचं. अक्षर वाचता येईल अशांनाच लिहायला बसवा.

सरावाला जुने पेपर नेटवर मिळतात. घड्याळ मोठ्या माणसाच्या हातात द्या. दहाव्या मिनिटाला मुलांना वेगवेगळ्या बाकांवर बसवा आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला वाक्य अर्धवट असलं तरी कागद काढून घ्या.