‘रन’ शिकताना आधी धावणं बाजूला ठेवा

कोल्हापूरजवळच्या शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, एक्स्पोर्टच्या कामाला नव्यानं लागणाऱ्या मुलामुलींचं इंग्रजी बहुतेकदा चांगलं असतं. व्याकरण पक्कं, ईमेल नेटके. अडतात ते साध्या शब्दांवर. माझ्या अनुभवात सगळ्यांत जास्त अडवतो तो ‘रन’.

‘रन म्हणजे धावणे’ हे शाळेत पाठ झालेलं असतं, आणि पुढं तेच आड येतं. कामाच्या इंग्रजीत धावणं क्वचितच भेटतं. मशीन, केएमटीची शहर बस, कारखाना, ट्रायल या सगळ्यांना ‘रन’ लागतो आणि मराठीत आपण चालणं-चालवणं म्हणतो. दुसरा अर्थ वाहण्याचा. नळ, नाक, वितळलेलं लोखंड, सगळं ‘रन’. लोखंड साचा पूर्ण भरायच्या आत गोठलं तर त्या दोषाला ‘मिसरन’ का म्हणतात, हे इथं उलगडतं.

‘रन आउट’वर मात्र जास्त वेळ द्या. साच्याच्या सांध्यातून धातू बाहेर गळला तर तो रनआउट. मशीन शॉपमध्ये शाफ्ट फिरवताना डायल गेजचा काटा किती हलतो, तोही रनआउट. ग्राहकाच्या तक्रारीत नुसता हा शब्द आला, तर आधी ड्रॉइंग काढा. त्यातल्या टॉलरन्सशी, म्हणजे चालणाऱ्या फरकाच्या मर्यादेशी, तुलना केलेली असेल, तर विषय मशीनिंगचा आहे. ओतकामाच्या माणसाला बोलावून उपयोग नाही.

तिसरा अर्थ संपण्याचा. मराठीत ‘वाळू संपली’ म्हणताना कर्ता वाळू असते. इंग्रजीत ‘द सँड हॅज रन आउट’ चालतं, पण कर्ता ‘आम्ही’ केला की ‘ऑफ’ (of) लागतोच: ‘वी हॅव रन आउट ऑफ सँड’. हा ‘ऑफ’ चांगल्या चांगल्यांचा सुटतो.

‘रन शॉर्ट’, ‘रन ड्राय’, ‘रन लेट’ यांत पुढच्या शब्दाला वजन असतं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात क्रियापद म्हणून ‘रन’चे ६४५ अर्थ नोंदले गेले, ते पाठ करत बसू नका. जुन्या ईमेलमधली पूर्ण वाक्यं वहीत उतरवा, मागचापुढचा शब्द धरून.

एक वाक्य तर पहिल्याच दिवशी उतरवा: ‘रन इट बाय मी फर्स्ट’. ग्राहक असं लिहितो तेव्हा उत्पादन सुरू करायचं नसतं. आधी त्याला दाखवायचं, त्याचा होकार घ्यायचा, आणि तो लेखी मागायचा.