दाढ काढल्यावर इम्प्लांट करायचं असेल तर काय काय बघायचं

दाढ काढली की पहिले आठ दिवस जीभ सारखी त्या खड्ड्यात जाते, मग सवय होते, माणूस दुसऱ्या बाजूने चावायला लागतो आणि "मागचीच तर आहे, कोणाला दिसतेय" म्हणत वर्ष दोन वर्षं सहज निघून जातात. सगळ्यात जास्त नुकसान ह्याच काळात होतं. दात गेला की खालच्या हाडाला काही काम उरत नाही आणि ते झिजायला लागतं, आणि पहिल्या वर्षात ही झीज एवढी जोरात असते की हाडाची रुंदी जवळपास निम्म्यावर येऊ शकते, त्यातलाही मोठा भाग पहिल्या ३ महिन्यांतच जातो. शेजारचे दात त्या फटीत कलंडतात, समोरच्या जबड्यातला दात खाली उतरतो. मग उशिरा गेलं की डॉक्टर म्हणणार हाड कमी आहे, आधी ग्राफ्ट करू, म्हणजे तिथे हाडाची भर घालू, म्हणजे पैसेही वाढले आणि महिनेही. म्हणून दात काढायला खुर्चीत बसाल तेव्हाच विचारून घ्या की डॉक्टर पुढे इथे इम्प्लांट करायचं झालं तर हाड टिकवायला आत्ताच काही करता येईल का.

इम्प्लांट म्हणजे मुळाच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू, त्यावर एक जोड म्हणजे अबटमेंट, आणि सगळ्यात वर कॅप. ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवा, बिलाच्या वेळी उपयोगी पडेल. टायटॅनियमच का, तर हाड त्याला परकं मानत नाही, थेट चिकटून वाढतं. स्वीडनच्या ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकाच्या हे १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना लक्षात आलं, हाडात बसवलेले टायटॅनियमचे तुकडे नंतर निघेचनात. १९६५ साली त्यांनी पहिल्या माणसाला इम्प्लांट बसवले आणि त्या माणसाने ते चाळीस वर्षं, अगदी मरेपर्यंत वापरले. म्हणजे ही काल आलेली फॅशन नाही, नीट केलं आणि नीट सांभाळलं तर १० वर्षांनंतरही १०० तले ९० च्या वर इम्प्लांट टिकलेले असतात.

प्रत्येकाने इम्प्लांटच करावं असंही नाही बरं का. शेजारच्या दोन्ही दातांना आधीच रूट कॅनल होऊन कॅप असतील तर ब्रिज, म्हणजे त्या दोन दातांवर टेकवून मधे बसवलेला खोटा दात, चांगला पर्याय आहे. पण शेजारचे दात धडधाकट असतील तर फक्त ब्रिजसाठी ते घासून बारीक करणं मला पटत नाही, घासलेला दात परत येत नाही. आणि घरात आजी-आजोबांची खालची कवळी जेवताना हलत असेल, भाकरी चावता येत नसेल, तर खालच्या जबड्यात फक्त २ इम्प्लांट घालून त्यावर कवळी टिचबटणासारखी बसवता येते, ह्याबद्दल फार लोकांना माहितीच नसते, जरूर विचारा.

आता तयारी. शुगर असेल तर एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांची सरासरी शुगर सांगणारी रक्ताची टेस्ट, काढून न्या, ती आटोक्यात असेल तर डायबेटिसवाल्यांचंही इम्प्लांट व्यवस्थित होतं, नसेल तर आधी ती खाली आणा, घाई करू नका. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, हार्टच्या डॉक्टरांना विचारूनच काय ते ठरवा. आणि एक गोष्ट जी आया-मावश्या हमखास सांगायच्या राहून जातात, हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एक गोळी किंवा सहा महिन्यांनी, वर्षातून एकदा इंजेक्शन चालू असेल तर ते सांगितलंच पाहिजे, कारण त्यातल्या काही औषधांनी जबड्याचं हाड भरून यायला त्रास होऊ शकतो. त्यांना वाटतं गुडघ्याच्या-कमरेच्या औषधाचा दाताशी काय संबंध. त्यापेक्षा सरळ घरातली औषधांची पिशवीच घेऊन जा आणि टेबलावर रिकामी करा. डोक्याला मानेला कधी रेडिएशन झालं असेल तर तेही सांगा.

तंबाखूचं स्पष्टच सांगते. बिडी-सिगारेटने इम्प्लांट फेल व्हायचं प्रमाण वाढतं. गुटखा, सुपारी, मावा वर्षानुवर्षं खाल्ला की गाल आतून कडक होतात आणि तोंड उघडतच नाही. घरी करून बघण्यासारखी एक टेस्ट आहे, आपली तीन बोटं एकावर एक उभी धरून पुढच्या दातांच्या मधे जातात का बघा. जात नसतील तर मागच्या दाढेपर्यंत ड्रिलच पोचणार नाही, आणि इम्प्लांट राहू दे बाजूला, आधी त्याच्यासाठी डॉक्टरला दाखवा, कारण ह्या आजाराचा पुढे कॅन्सर होऊ शकतो. मिश्रीसुद्धा तंबाखूच आहे, भाजलेली असली म्हणून काय झालं, गावाकडे दात घासायला म्हणून लावतात आणि तंबाखू खाता का विचारलं की नाही म्हणतात. सोडायची तर इम्प्लांटच्या निदान काही आठवडे आधी सोडा आणि परत धरू नका.

स्कॅनबद्दल अडून बसा. साध्या ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याच्या एका एक्स-रेमध्ये जबडा सपाट दिसतो, उंची कळते पण रुंदी कळत नाही. सीबीसीटी स्कॅनमध्ये हाड तिन्ही बाजूंनी दिसतं. खालच्या जबड्यातून एक नस जाते जिच्यामुळे आपल्या खालच्या ओठाला आणि हनुवटीला संवेदना असते, इम्प्लांटचं टोक तिच्यापासून निदान २ मिलिमीटर लांब राहायला हवं. वर मागच्या दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते, तिथे हाड पातळ असेल तर सायनस लिफ्ट करून जागा करावी लागते. डॉक्टरांना म्हणा मला स्क्रीनवर दाखवा नस कुठे आहे, चांगला डॉक्टर कौतुकाने दाखवतो, मोजून दाखवतो.

पैसे ठरवताना "एका दाताचे किती" एवढंच विचारून घरी येऊ नका. मोठ्या शहरांत एका दाताला साधारण २५ हजारापासून ५०-६० हजारापर्यंत आकडे ऐकायला मिळतात, पण कोणी त्यात नुसता स्क्रू धरलेला असतो तर कोणी कॅपसकट सगळं. स्क्रू, अबटमेंट, कॅप, ग्राफ्ट लागलं तर ग्राफ्ट, सगळं कागदावर वेगळं लिहून घ्या. कंपनी कुठली ते विचारा, स्ट्रॉमन, नोबेल बायोकेअर ह्या महागातल्या, ऑस्टेम, अल्फा बायो वगैरे त्याहून स्वस्त, आणि स्वस्त म्हणजे वाईट असं नाही, फक्त कंपनी अशी हवी की दहा वर्षांनी तिचा सुटा भाग मिळेल. कॅप स्क्रूने बसणार की सिमेंटने तेही विचारा, शक्य असेल तिथे स्क्रूची बरी, काढून साफ करून परत बसवता येते, आणि सिमेंटचा कण हिरडीखाली राहिला की तिथे सूज धरते. ग्राफ्टचं अजून एक, हाडाची पावडर बऱ्याचदा गाई-बैलाच्या हाडापासून केलेली असते. खूप घरांत हे चालणार नाही, आणि नंतर कळलं तर मनाला लागून राहतं. आधी विचारलं तर कृत्रिम पावडर किंवा स्वतःचंच हाड असे पर्याय असतात. मेडिक्लेममध्ये दाताचं काम अपघात सोडला तर बहुतेक बसत नाही. ज्यांना खाजगी दवाखाना परवडत नाही त्यांनी मुंबईत सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर डेंटल, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची सरकारी दंत महाविद्यालयं इथे चौकशी करावी, वेळ जास्त जातो पण शिकवणारी अनुभवी मंडळी तिथेच असतात.

ऑपरेशन म्हणाल तर ह्या सगळ्यात तोच भाग सोपा. इंजेक्शनने जागा बधिर करतात, त्यानंतर दुखत नाही, फक्त जबड्यात घरघर जाणवते आणि गार पाण्याची धार चालू असते. ती धार नुसती धुवायला नसते हं, ड्रिलने हाड ४७ डिग्रीच्या वर तापून मिनिटभर तसंच राहिलं तर तेवढं हाड मरतं, मग स्क्रू धरत नाही, म्हणून हळू ड्रिल आणि गार सलाईन. एका इम्प्लांटला साधारण अर्धा पाऊण तास. पोटभर जेवून जा, रिकाम्या पोटी जाऊ नका, फक्त पूर्ण भूल देणार असतील तर ते सांगतील तसं.

घरी आल्यावर पहिल्या दिवशी बाहेरून बर्फ लावा, चुळा भरू नका, थुंकू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका, जखमेवरची रक्ताची गाठ सुटते आणि परत रक्त यायला लागतं. सूज दुसऱ्या तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त दिसते, घाबरू नका. मऊ भात, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, सगळं कोमट, तिखट थोडे दिवस बंद. अँटिबायोटिक दिलं असेल तर बरं वाटलं म्हणून मधेच सोडू नका. सायनस लिफ्ट झाली असेल तर नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची. दुसऱ्या दिवशीही खालचा ओठ बधिरच वाटत असेल तर "उतरेल हळूहळू" म्हणून थांबू नका, त्याच दिवशी फोन करा, नसेवर दाब असेल तर लवकर केलेल्या उपायालाच अर्थ असतो.

मग थांबायचं. खालच्या जबड्यात २-३ महिने, वरच्या जबड्यात ४-६ महिने, कारण वरचं हाड मऊ असतं. तीन दिवसांत पक्के दात अशा जाहिराती सगळीकडे दिसतात, काही केसेसमध्ये लगेच दात लावता येतोही, पण ते हाड किती घट्ट आहे आणि स्क्रू किती जोराने धरलाय त्यावर ठरतं, आपल्या सुट्टीवर नाही. अमेरिका-दुबईहून येणारी आपली मंडळी इथेच फसतात, तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळं उरकून द्या म्हणतात. त्यापेक्षा दोन ट्रिपचा प्लॅन करा, एकीत स्क्रू आणि पुढच्या वेळी कॅप.

कॅप बसली की डॉक्टर कार्बन पेपर चावायला देतात तेव्हा लाजू नका, थोडं जरी उंच लागत असेल तर सांगा. आपल्या दाताला मुळाभोवती बारीक गादी असते म्हणून भातात खडा आला की लगेच कळतं, इम्प्लांटला ती गादी नाही, जास्त जोर पडतोय हे त्याला कळतच नाही. म्हणून त्या बाजूने सुपारी फोडणं, मटणाची नळी चावणं नको, आणि रात्री दात खायची सवय असेल तर नाईट गार्ड करून घ्या.

इम्प्लांटला कीड लागत नाही म्हणून लोक निर्धास्त होतात पण हिरडी आणि हाड तर आपलंच आहे ना, तिथे घाण साचली की हाड उतरायला लागतं आणि दुखत काहीच नाही. रोज रात्री ब्रशबरोबर फटीतला छोटा बाटलीच्या ब्रशसारखा ब्रश किंवा सुपर फ्लॉस म्हणजे फटीतून फिरवायचा जाडसर दोरा, कितीही झोप आली तरी. ब्रश करताना तिथून रक्त आलं, दाबल्यावर पू आला, वास यायला लागला की लगेच दाखवा. सहा महिन्यांनी तपासणी, आणि एक्स-रे ते सांगतील तेव्हा.

इम्प्लांटच्या डबीवर एक स्टिकर असतो, कंपनी, जाडी, लांबी, लॉट नंबर छापलेला. तो मागून घ्या आणि फाइलमध्ये चिकटवा, फोनमध्ये फोटोही काढून ठेवा. पुढे कधी कॅप हलायला लागली तर बऱ्याचदा आतला छोटा स्क्रू सैल झालेला असतो, काम दहा मिनिटांचं, पण प्रत्येक कंपनीची चावी वेगळी असते, आणि तेव्हा तुम्ही दुसऱ्या गावी असाल किंवा ते डॉक्टर रिटायर झालेले असतील तर समोरचा नवीन डॉक्टर त्या स्टिकरवरूनच ओळखणार कुठली चावी लागेल. तोपर्यंत त्या बाजूने चावू नका, जिभेने हलवत बसू नका आणि कॅप हातात आलीच तर धुऊन डबीत ठेवून सोबत न्या, घरी गोंदाने चिकटवायचा प्रयत्न अजिबात करू नका.