पावसाळ्यातील कोवळे गवत आणि तट्टांची चंदी

आषाढात माळ हिरवा झाला की तट्टे दिवसभर मोकळी सोडण्याकडे अश्वपालकांचा कल असतो, कारण विकतच्या वैरणीचा खर्च त्यामुळे वाचतो. परंतु घोड्याचे पोट गाई-म्हशींसारखे चार कप्प्यांचे नसते. त्याच्या चाऱ्यातील तंतू मोठ्या आतड्यातील जिवाणू आंबवून पचवतात, या जिवाणूंना नव्या चाऱ्याची सवय होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात आणि घोड्याला उलटी करता येत नसल्याने चारा बाधला तर तो थेट पोटशुळावर जातो. म्हणून सुरुवातीला अर्धा ते एक तासच, तेही सकाळी आणि थोडे वाळलेले गवत खाऊ घातल्यानंतर चरायला सोडावे व ही वेळ रोज थोडी वाढवावी.

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी येथील घोड्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. पावसात पर्यटक ओसरतात, घोड्याचे काम थांबते, पण चंदी, म्हणजे हरभऱ्याची भरड आणि कोंडा, उन्हाळ्याच्या मापानेच चालू राहते. तट्टू मुळातच थोडक्यात भागवणारे जनावर असल्याने महिनाभरात त्याच्या मानेवर चरबीची कडक कमान दिसू लागते. काम थांबताच चंदी कमी करावी. धष्टपुष्ट तट्टाला ती पूर्ण बंद केली तरी चालते. मात्र उपाशी ठेवणे हा उपाय नव्हे, कारण लठ्ठ तट्टू अचानक उपाशी राहिल्यास रक्तातील चरबी धोकादायक पातळीपर्यंत वाढते. 200 किलो वजनाच्या तट्टाच्या पोटात दिवसाला किमान 3 किलो कोरडा चारा गेलाच पाहिजे. बरगड्या हाताला लागाव्यात, पण डोळ्यांना दिसू नयेत, एवढी अंगलट पुरेशी आहे.

लठ्ठपणा किंवा चंदीचा अतिरेक यांतून खुराच्या आतील थराला सूज येते, तिला लॅमिनायटिस म्हणतात. असे जनावर पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेते, वळताना अडखळते, खूर गरम लागतात आणि खुराच्या वरच्या बाजूस नाडी ठळक लागते. अशा वेळी ते चालवून मोकळे करण्याची जुनी सवय घातक ठरते. त्याला जाड, मऊ वाळूवर उभे करून चंदी व हिरवा चारा थांबवावा, वाळलेले गवत द्यावे, खूर बर्फाच्या पाण्यात ठेवावेत आणि त्याच दिवशी पशुवैद्यकांना बोलवावे.

बांधावरच्या संकरित नेपियरबद्दल मात्र अधिक सावध राहावे लागते. दुभत्या जनावरांसाठी उत्तम असलेल्या या गवतात ऑक्झलेट असते. गाईच्या पोटातील जिवाणू ते बऱ्याच अंशी मोडून टाकतात, घोड्यात मात्र ते कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यात स्फुरदाने (फॉस्फरसने) भरलेला गव्हाचा कोंडा रोज मिळाला, तर शरीर हाडांतील कॅल्शियम काढू लागते, पाय लंगडतात आणि काही महिन्यांत चेहऱ्याची हाडे फुगतात. नेपियर हा एकमेव चारा ठेवू नये. निम्म्याहून अधिक वैरण माळाच्या वाळलेल्या गवताची असावी, कोंडा मूठभरच द्यावा आणि कॅल्शियमयुक्त खनिज मिश्रणाची मात्रा पशुवैद्यकांकडून ठरवून घ्यावी. ज्वारीचे कोवळे पीक आणि ढिगात गरम झालेले कापलेले गवत तट्टापुढे टाकूच नये.